उन्हाळी लागल्यापासून ताप चढेपर्यंत: मूत्राशयाच्या संसर्गातली गुंतागुंत ओळखायची आणि अडवायची कशी

उन्हाळी, म्हणजे लघवीला जळजळ, लागली की बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. 'पाणी प्यायलं की जाईल' म्हणत आठवडा काढतात, नाही तर गेल्या खेपेच्या पाकिटात उरलेल्या दोन गोळ्या गिळून मोकळे होतात. पुष्कळदा दोन्ही निभावून जातं. ज्या वेळी निभावत नाही, त्या वेळी मात्र जळजळ नेमकी कधी सुरू झाली, ताप आधी आला की गोळी आधी घेतली, यातलं काहीच धड सांगता येत नाही.

आधी धीर देणारी गोष्ट सांगतो. निरोगी, गरोदर नसलेल्या तरुण स्त्रीच्या मूत्राशयातला संसर्ग किडनीपर्यंत क्वचितच पोचतो. काहींचा तर औषधावाचूनही आठवड्याभरात ओसरतो. पण हे वाक्य सगळ्यांना लागू होत नाही, आणि गुंतागुंत नेमकी तिथेच सुरू होते. संसर्ग कुणाच्या शरीरात आहे, लघवीची वाट मोकळी आहे की कुठे अडली आहे, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याच्यावर कुणाची नजर होती का, या तीन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं. पहिली आपल्या हातात नाही, दुसरी तपासता येते. तिसरीसाठी एक कागद आणि थर्मामीटर पुरतो.

तेव्हा जळजळ सुरू झाल्या दिवशीच तो कागद घ्या. वर तारीख आणि वेळ लिहा. खाली दर सहा तासांनी ताप, लघवीला किती वेळा गेलात, कुठे दुखतंय, आणि औषधाचा डोस किती वाजता घेतला, एवढंच टिपा. हा कागद पुढे डॉक्टरांच्या टेबलावर दहा प्रश्न वाचवतो.

पहिली पायरी: दुखणं मूत्राशयातलंच आहे ना?

मूत्राशयाच्या संसर्गाची खूण साधी आहे. लघवी करताना जळजळ, पुन्हा पुन्हा जावंसं वाटणं, गेल्यावर चार थेंबच होणं, ओटीपोटात दडपल्यासारखं दुखणं. लघवी गढूळ होते, कधी गुलाबी किंवा लाल दिसते. ताप नसतो, असला तर अगदी किरकोळ. हे लक्षात ठेवा, कारण हुडहुडी भरून ताप आला तर प्रकरण मूत्राशयाच्या बाहेर गेलं असं धरूनच पुढचं पाऊल टाकायचं.

जळजळीसोबत योनीमार्गाला खाज आणि अंगावरून पांढरं जात असेल, तर बहुधा संसर्ग तिथला आहे आणि औषधही वेगळं लागेल. नवीन लैंगिक संबंधानंतर जळजळ सुरू झाली असेल किंवा मूत्रमार्गातून स्राव येत असेल, तर क्लॅमिडिया आणि गोनोरियाची तपासणी करून घ्या. हे संसर्ग लघवीच्या साध्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, सापडत नाहीत. दुर्लक्ष झालं तर पुरुषांत मूत्रमार्ग अरुंद होतो आणि स्त्रियांत गर्भनलिकांना इजा पोचते. सांगायला संकोच वाटतो हे खरं आहे, पण चुकीच्या औषधाचे तीन कोर्स त्याहून जड पडतात.

दुसरी पायरी: तुम्ही 'वाट पाहू' गटात आहात का?

खालीलपैकी एकही गोष्ट लागू होत असेल, तर घरी वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं: गरोदरपण, पुरुष असणं, वय अगदी लहान किंवा बरंच जास्त, मधुमेह, मुतखडा, आत्ताचा किंवा पूर्वीचा, एकच किडनी, किडनीचा जुनाट आजार किंवा प्रत्यारोपण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी), पाठीच्या कण्याच्या इजेमुळे किंवा अन्य कारणाने लघवी पूर्ण न होणं, गेल्या काही दिवसांत मूत्रमार्गातून केलेली तपासणी किंवा शस्त्रक्रिया.

'पुरुष असणं' यादीत बघून काहींना नवल वाटेल. स्त्रीचा मूत्रमार्ग साधारण 4 सेंटिमीटर लांब असतो, पुरुषाचा 20 सेंटिमीटरच्या आसपास. एवढी वाट चढून जंतू आत पोचले, तर मागे प्रोस्टेटचा (मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) त्रास, खडा किंवा अडथळा असण्याची शक्यता वाढते. त्यामुळे पुरुषाच्या बाबतीत लघवीचं कल्चर हवंच.

तिसरी पायरी: पहिल्या गोळीच्या आधी नमुना

या लेखातली एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा. माझ्या आत्याने एकदा डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतल्या. कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, जळजळ थोडी उतरली, आणि पाचव्या दिवशी ताप घेऊन ती परत डॉक्टरांसमोर बसली. जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध चालतं, हे सांगणारा पुरावा त्या दोन गोळ्यांनी पुसून टाकला होता.

नमुना असा द्या. हात धुवा. बाहेरचा भाग साध्या पाण्याने स्वच्छ करून कोरडा करा. स्त्रियांनी एका हाताने बाजूची त्वचा दूर धरावी, पुरुषांनी पुढची त्वचा मागे घ्यावी. पहिली धार सोडून द्या, धार चालू असतानाच मधली लघवी लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडून द्या. डबीच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. घरातली धुतलेली बाटली चालत नाही, कितीही चकचकीत असली तरी. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे. ते जमणार नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या लघवीत जंतू वाढत जातात आणि रिपोर्टवर आकडा फुगतो.

रिपोर्ट हातात आला की काय पाहायचं? साध्या तपासणीत पस सेल्स, म्हणजे पांढऱ्या पेशी, वाढलेल्या दिसतात. नायट्राइट पॉझिटिव्ह आलं तर संसर्गाची शक्यता बळकट होते, निगेटिव्ह आलं म्हणून संसर्ग नाही असं मात्र म्हणता येत नाही. काही जंतू नायट्राइट बनवतच नाहीत, आणि जे बनवतात त्यांनाही लघवी मूत्राशयात काही तास थांबावी लागते. दर अर्ध्या तासाने धावणाऱ्या रुग्णाच्या लघवीत ते कुठून सापडणार? एपिथेलियल सेल्स (त्वचेच्या आवरणाच्या पेशी) भरपूर असतील किंवा कल्चरवर 'मिक्स्ड ग्रोथ' लिहिलं असेल, तर नमुना बाहेरच्या त्वचेने खराब झाला असं समजून पुन्हा द्या. कल्चरमध्ये दर मिलिलिटरला 1 लाख जंतू हा जुना, सर्वांना ठाऊक असलेला आकडा. पण लक्षणं स्पष्ट असतील तर त्याहून बराच कमी आकडाही खरा संसर्ग असू शकतो. खाली औषधांची यादी असते, पुढे एस किंवा आर. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, आर म्हणजे दाद देत नाही. चालू असलेल्या गोळीपुढे आर दिसला तर पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करा.

बहुतेक वेळा जंतूचं नाव ई. कोलाय असतं, आपल्याच आतड्यातला. प्रोटियस आलं तर खड्याची चौकशी करा, कारण हा जंतू लघवीतला युरिया फोडून ती अल्कधर्मी करतो आणि त्यात खडे झपाट्याने वाढतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आलं, आणि कॅथेटर वगैरे काही नसेल, तर डॉक्टर रक्ताचं कल्चर मागतील. हा जंतू पुष्कळदा रक्तातून लघवीत उतरलेला असतो, उलट्या दिशेने आलेला.

पस सेल्स भरपूर, पण कल्चर पुन्हा पुन्हा कोरं, असं होत असेल तर अँटिबायोटिक बदलत बसू नका. मूत्रमार्गाचा क्षयरोग, क्लॅमिडिया आणि खडा या तिन्हींचा शोध घ्यायला सांगा.

चौथी पायरी: औषध कुठपर्यंत पोचतं ते समजून घ्या

मूत्राशयाच्या साध्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइन साधारण पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनचा 3 ग्रॅमचा एकच डोस सर्रास दिला जातो. दोन्ही चांगली औषधं आहेत, कारण ती लघवीत भरपूर साठतात. पण किडनीच्या पेशीजालात नायट्रोफ्युरँटॉइन पुरेसं पोचत नाही. म्हणून ताप आणि कंबरदुखी सुरू झाल्यावर 'माझ्याकडे गोळी चालू आहे' हा दिलासा खोटा ठरतो. मूत्राशयात जंतू मरत असतात, वर वाढत असतात.

आणखी एक गफलत लघवी अल्कधर्मी करणाऱ्या सिट्रेटच्या सिरपची. त्याने जळजळ कमी होते, जंतू मरत नाहीत. शिवाय अल्कधर्मी लघवीत नायट्रोफ्युरँटॉइनचा जोर घटतो, त्यामुळे दोन्ही एकत्र घ्यायचं ठरवण्याआधी विचारा. लघवी नारिंगी करणारं फेनाझोपायरिडिन हेही फक्त वेदना दाबतं, ते दोन दिवसांच्या वर घेत नाहीत.

आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांबद्दल माझं मत जरा कडक आहे. उलट्या होत असतील, पाणी पोटात टिकत नसेल, किडनीचा आजार किंवा मधुमेह असेल, तर ती नकोतच. किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा ती कमी करतात. पॅरासिटामॉल चालतं, मात्र आधी ताप मोजून कागदावर लिहायचा आणि मग गोळी घ्यायची. उलटं केलंत तर खरा ताप कुणालाच दिसणार नाही.

फ्लुरोक्विनोलोन गटातली अँटिबायोटिक औषधं (सिप्रोफ्लॉक्सासिन वगैरे) साध्या जळजळीसाठी स्वतःहून घेऊ नका. स्नायुबंध तुटण्यापासून मज्जातंतूंच्या त्रासापर्यंतच्या दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2016 मध्येच, दुसरा पर्याय असेल तर साध्या संसर्गात ती देऊ नयेत, असं सांगितलं. किडनीच्या गंभीर संसर्गासाठी ती राखून ठेवण्यात आपलाच फायदा आहे.

पाचवी पायरी: 48 तासांचं घड्याळ

योग्य औषध सुरू झालं की मूत्राशयातली जळजळ एक-दोन दिवसांत स्पष्ट कमी होते. 48 तासांनी कागद बघा. फरक नसेल तर औषध जुळलेलं नाही, निदान चुकलंय किंवा कुठेतरी अडथळा आहे. तीन दिवस, पाच दिवस 'कोर्स संपू दे' म्हणून थांबू नका.

या काळात चार गोष्टींवर लक्ष ठेवा. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला का? थंडी वाजून अंग थरथरलं का, पांघरूण घेऊनही न थांबणारं? उलट्या होऊन गोळी बाहेर पडतेय का? आणि कंबरेत, शेवटच्या बरगडीच्या खाली, मणक्याच्या एका बाजूला दुखतंय का? ही शेवटची जागा ओळखायला शिका. घरातल्या कुणाला तरी तिथे मुठीने हलकेच टकटक करायला सांगा, आधी न दुखणाऱ्या बाजूला, मग दुसऱ्या. एका बाजूला माणूस दचकून पुढे सरकला तर किडनीवर संशय घ्यायचा. स्नायूंची कंबरदुखी वाकल्याने, वळल्याने कमीजास्त होते. किडनीमुळे होणारी कंबरदुखी मात्र कूस बदलली तरी तशीच राहते.

यातलं एकही 'हो' आलं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, रुग्णालय गाठा.

किडनीत पोचल्यावर काय होतं

मूत्राशयापासून किडनीपर्यंत दोन मूत्रवाहिन्या जातात, प्रत्येकी 25 ते 30 सेंटिमीटर. त्या मूत्राशयाच्या भिंतीत तिरप्या शिरतात, त्यामुळे मूत्राशय भरलं की त्यांचं तोंड आपोआप दाबलं जातं आणि लघवी मागे फिरत नाही. शिवाय वरून सतत प्रवाह येत असतो. जंतूंना हा प्रवाह उलटा चढायचा असतो. काही ई. कोलाय जातींच्या अंगावर केसांसारखे चिकट तंतू असतात, त्यांच्या आधाराने त्या भिंतीला धरून वर सरकतात. प्रवाह मंदावला, झडप सैल असली किंवा खड्याने वाट अडली, की त्यांचं काम सोपं होतं. किडनीच्या आतल्या भागात रक्तपुरवठा तुलनेने कमी आणि क्षार जास्त, त्यामुळे पांढऱ्या पेशी तिथे नीट लढू शकत नाहीत.

किडनीचा हा संसर्ग वेळेत पकडला तर बहुतेक निरोगी प्रौढ पूर्ण बरे होतात. औषध सात ते चौदा दिवस चालतं. काहींना तोंडाने पुरतं, उलट्या होत असतील तर शिरेतून द्यावं लागतं. एक गोष्ट नातेवाइकांनी आधीच माहीत करून घ्यावी: औषध बरोबर असलं तरी ताप उतरायला 72 तास लागू शकतात. पहिल्या रात्रीच घाबरून औषध बदलायचा आग्रह धरू नका. 72 तासांनंतरही ताप असेल, तर मात्र सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन झाला का, हे स्वतःहून विचारा. त्या स्कॅनमध्ये डॉक्टर चार गोष्टी शोधत असतात.

पहिली आणि सगळ्यात घाईची, अडलेली किडनी. खड्याने मूत्रवाहिनी बंद आणि वर पू साठलेला, अशा वेळी नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. आतून स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून किंवा पाठीतून नळी घालून दाब काढावाच लागतो, आणि तोही तासांच्या हिशोबात. खडा काढण्याचं काम नंतरचं. 'आधी खडा काढा, दोनदा भूल कशाला' असा वाद घालणारे नातेवाईक असतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की पू भरलेल्या किडनीत खडा फोडायला गेलं तर जंतू रक्तात ढकलले जातात.

दुसरी, किडनीत किंवा तिच्याभोवती झालेलं गळू. ताप उतरतो, पुन्हा चढतो, वजन घटतं, एका बाजूला बोथट दुखत राहतं. लहान गळू औषधाने विरतं, मोठ्यात नळी घालून पू काढावा लागतो. तिसरी, किडनीत किंवा मूत्राशयाच्या भिंतीत वायू तयार होणं. हे दुर्मीळ आहे, पण किडनीतला वायू झालेले बहुतांश रुग्ण मधुमेही असतात आणि त्यांची प्रकृती झपाट्याने ढासळते. साखर हाताबाहेर गेलेल्या माणसाला कंबरदुखीसह ताप आला, तर सीटी स्कॅनला उशीर करू नये, असं म्हणतात ते यासाठी. मधुमेहींनी आणखी एक विचारावं: उलट्या आणि ताप चालू असताना मेटफॉर्मिन आणि 'ग्लिफ्लोझिन'ने नाव संपणाऱ्या गोळ्या थांबवायच्या का? बहुधा उत्तर 'काही दिवस थांबवा' असं येतं, पण ते डॉक्टरांच्या तोंडून येऊ द्या. चौथी गोष्ट, किडनीच्या आतली टोकं सडून तुटणं. तुटलेला तुकडा मूत्रवाहिनीत अडकून स्वतःच अडथळा होतो.

रक्तात पसरलेला संसर्ग

सेप्सिस हा शब्द ऐकून लोक थेट मृत्यूचा विचार करतात. त्यापेक्षा श्वास मोजायला शिकावं. मिनिटाला 22 किंवा त्याहून जास्त श्वास, वरचा रक्तदाब 100 किंवा खाली, आणि माणूस गोंधळलेला किंवा झोपाळू, यातली दोन लक्षणं दिसली तर गाडी काढा. जोडीला हातपाय गार पडणं, त्वचेवर डाग उमटणं, दिवसभरात लघवी जवळजवळ न होणं. ताप असलाच पाहिजे असं नाही. वृद्धांत शरीराचं तापमान उलट 96.8 फॅरनहाइटच्या खाली जाऊ शकतं, आणि 'ताप नाही ना, मग बरं आहे' या समजुतीत मोलाचे तास जातात. रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत पहिलं अँटिबायोटिक तासाभरात मिळावं, असा दंडक आहे. प्रवेशद्वारावरच 'लघवीचा संसर्ग होता, आता गोंधळल्यासारखं बोलतायत' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'अशक्तपणा आलाय' म्हटलं तर रांगेत बसवतील.

रक्तातून हे जंतू कधी मणक्यात, कधी हृदयाच्या झडपेवर जाऊन बसतात. संसर्ग बरा झाल्यावर काही आठवड्यांनी पाठ एकाच जागी सतत, रात्रीसुद्धा दुखू लागली किंवा बारीक ताप रेंगाळला, तर जुना रिपोर्ट सोबत घेऊन जा.

गरोदरपणात वेगळा नियम

इतरांच्या लघवीत लक्षणांविना जंतू सापडले तर सहसा उपचार करत नाहीत. गरोदर स्त्री हा त्यातला मोठा अपवाद. गर्भाशयाचा दाब आणि संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, लघवी रेंगाळते. जळजळ नसतानाही जंतू असतील आणि तसेच सोडले, तर साधारण चौघींतल्या एकीच्या किडनीला संसर्ग होतो. त्यातून मुदतपूर्व प्रसूती आणि बाळाचं कमी वजन हे धोके जोडलेले आहेत. म्हणून पहिल्या तिमाहीच्या शेवटाकडे लघवीचं कल्चर एकदा तरी झालेलं असावं, आणि उपचारानंतर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा. औषधं महिन्यानुसार बदलतात: ट्रायमेथोप्रिम सुरुवातीच्या महिन्यांत टाळतात, नायट्रोफ्युरँटॉइन प्रसूती जवळ आल्यावर. किडनीचा संसर्ग झाल्यास सुरुवातीला दाखल होऊनच उपचार घ्यायचे असतात.

लहान मुलं

बाळ जळजळ सांगू शकत नाही. सर्दी-खोकला काही नाही, ताप मात्र आहे, दूध नको म्हणतंय, उलट्या करतंय, एवढ्यावरून ओळखावं लागतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी थांबायचंच नाही. चिकटवायच्या पिशवीत गोळा केलेला नमुना कल्चरला भरवशाचा नसतो, त्वचेवरचे जंतू त्यात उतरतात. डॉक्टरांनी नळी घालून नमुना घ्यायचं सुचवलं तर त्याचं कारण हे आहे.

ताप येणारा संसर्ग झालेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांशांत लघवी मूत्राशयातून उलटी वर जात असल्याचं आढळतं. अशा मुलांच्या किडनीवर वारंवार संसर्गाने व्रण राहू शकतात, आणि ते व्रण मोठेपणी उच्च रक्तदाब किंवा किडनीची क्षमता घटणं या रूपात समोर येतात. उपचार सुरू करायला होणारा उशीर व्रणाचा धोका वाढवतो. बद्धकोष्ठता असेल तर तीही हटवा. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि लघवी पूर्ण होत नाही. पालकांना हा संबंध सहसा कुणी सांगत नाही.

पुरुष, आणि कॅथेटर असलेली मंडळी

पुरुषांत संसर्ग प्रोस्टेटमध्ये शिरला तर ताप, गुद आणि अंडकोष यांच्यामधल्या जागेत दुखणं, लघवीची धार बारीक होणं किंवा पूर्ण अडणं दिसतं. औषध दोन ते चार आठवडे चालतं. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडलं तर तोच जंतू दर दोन-तीन महिन्यांनी परत येतो. या काळात पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करू नका. संसर्गाने आकडा वाढतो आणि उगाच कर्करोगाची भीती मागे लागते. सहा ते आठ आठवडे जाऊ द्या. अंडकोष सुजून दुखणं हीदेखील याच वाटेवरची गुंतागुंत, पण तरुण मुलात दुखणं अचानक आणि तीव्र असेल तर अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो. त्याला सहा तासांची मुदत असते, तेव्हा आधी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना दाखवा.

कॅथेटर घातल्यावर दर दिवशी 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत जंतू येतात, महिन्याभरात जवळपास सगळ्यांच्याच. म्हणून नुसती गढूळ लघवी किंवा वास हे अँटिबायोटिक सुरू करायचं कारण होत नाही. ताप, थरथर, नवा गोंधळ, ओटीपोटात दुखणं असेल तर उपचार. आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून नमुना. पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकलेली. नळीला मोड पडू देऊ नका, जोड उगाच उघडू नका. आणि दर भेटीला विचारा, 'ही नळी अजून लागते का?'

वृद्ध माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला की घरचे लगेच लघवीकडे बोट दाखवतात. कधी ते खरं असतं. पण शरीरात पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, नवी झोपेची गोळी यांनीही तेच होतं, आणि वृद्धांच्या लघवीत लक्षणांविना जंतू असणं फार सामान्य आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून बाकीचा शोध थांबवू नका.

पुन्हा पुन्हा होतंय?

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. कल्चरचे सगळे रिपोर्ट एका फायलीत ठेवा आणि एकच गोष्ट तपासा: औषध संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू परत आलाय का? तसं असेल तर तो कुठेतरी लपून बसलेला आहे, खड्यात, प्रोस्टेटमध्ये किंवा न रिकाम्या होणाऱ्या मूत्राशयात. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'पोस्ट व्हॉइड' म्हणून जो आकडा असतो, तो लघवीनंतर मागे किती उरली ते सांगतो. तो नोंदवलाच नसेल तर मागून घ्या. दर वेळी नवा जंतू, बऱ्याच अंतराने, असं असेल तर प्रश्न बहुधा बाहेरून आत येण्याचा आहे.

यावर काय चालतं? पाणी खरोखर चालतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, दिवसाला दीड लिटरहून कमी पेयं घेणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या 140 स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असून पाण्यावर मर्यादा असेल तर हे परस्पर करू नका. पाळी कायमची थांबलेल्या स्त्रियांना योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा चांगला उपयोग होतो, आणि हे औषध संकोचापोटी सगळ्यात कमी मागितलं जातं. शुक्राणुनाशक जेल वापरत असाल तर गर्भनिरोधनाचा दुसरा मार्ग विचारा. संबंधानंतर लघवी करून येण्याचा पुरावा तोकडा आहे, तोटा मात्र काही नाही. क्रॅनबेरीने काहींच्या खेपा कमी होतात, पण सुरू झालेला संसर्ग तिने बरा होत नाही. एवढं करूनही थांबलं नाही तर काही महिने कमी मात्रेत अँटिबायोटिक द्यायचा मार्ग उरतो. नायट्रोफ्युरँटॉइन दीर्घकाळ चालू असेल आणि कोरडा खोकला, धाप किंवा पायात मुंग्या सुरू झाल्या, तर लगेच कळवा.

कोर्स संपल्यावर

साध्या संसर्गानंतर लक्षणं गेली असतील तर पुन्हा कल्चर करायची गरज नसते. गरोदर स्त्रिया सोडून. लघवीत रक्त दिसलं होतं त्यांनी मात्र काही आठवड्यांनी साधी लघवी तपासणी पुन्हा करावी. संसर्ग गेला आणि रक्त राहिलं, विशेषतः वय 45 च्या पुढे किंवा धूम्रपानाची सवय असेल, तर मूत्राशयाचा कर्करोग नाही ना हे दुर्बिणीतून पाहून घ्यावं लागतं. किडनीचा संसर्ग झाला असेल तर क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि रक्तदाब एकदा तपासा, आणि तो सुरुवातीचा कागद कल्चरच्या रिपोर्टला टाचून ठेवा. पुढच्या खेपेला डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो 'मागच्या वेळी कोणता जंतू होता आणि कोणतं औषध लागू पडलं' हाच.